अर्धशिशी आणि आम्ही पेन्शनवाले

माझी आई डोक्याला फडकं आवळून, कपाळावर सुंठेचा लेप लावून आतल्या अंधाऱ्या खोलीत पडून राहायची. तिला अर्धशिशी होती. पुढे मला तेच सुरू झालं तेव्हा आमची मंडळी म्हणायची, "अहो, पित्त झालंय, उलटी झाली की उतरेल." पेन्शनवर आल्यावर डॉक्टरांनी कागदावर मायग्रेन लिहिलं. नावं तीन, दुखणं एकच. उलटी झाली की बरं वाटतं म्हणून आपण पोटाला दोष देतो, पण मळमळ आणि उलटी हा त्या दुखण्याचाच भाग आहे, त्याचं कारण नव्हे. मी हे कळेपर्यंत पित्ताच्या गोळ्यांची पाकिटंच्या पाकिटं संपवली.

मी तोफखान्यातला. १९९३ ला भरती, नाशिक रोडला ट्रेनिंग, २४ वर्षं नोकरी आणि हवालदार म्हणून घरी. खटाव तालुक्यात घर आहे. थोडं शेत आहे, आणि एका साखर कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटीची नोकरी करतो. महिन्यातले सतरा-अठरा दिवस डोकं दुखायचं, ते आता तीन-चारवर आलंय. ते कसं, ते आपल्या माजी सैनिक मित्रांसाठी लिहितोय. मी डॉक्टर नाही. गोळ्यांची नावं मुद्दाम देणार नाही, कारण आपली सवय मला माहीत आहे. एकाला लागू पडली की अख्खी बॅटरी, म्हणजे तोफांची पूर्ण तुकडी, तीच मागते.

आधी लपवणं बंद करा

नोकरीत डोकेदुखी सांगायची नसते, हे आपण पहिल्या वर्षातच शिकतो. एमआय रूममध्ये, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात गेलो, दोन-चारदा तीच तक्रार केली की 'शेप वन' हा पूर्ण तंदुरुस्तीचा शेरा जाईल, लो मेडिकल कॅटेगरी लागेल, कोर्स हुकेल, प्रमोशन अडकेल. म्हणून खिशात बामची डबी आणि सुट्टीवरून येताना गावच्या मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या. मी २४ वर्षं हेच केलं. पेन्शनवर आल्यावर आता कोण मेडिकल बोर्ड बसवणार होतं? तरी पहिली दोन वर्षं मी ईसीएचएसमध्ये, म्हणजे माजी सैनिकांच्या दवाखान्यात जाऊन बीपीचं सांगायचो, गुडघ्याचं सांगायचो, डोक्याचं नाही. सहन करणं अंगात मुरलेलं असतं. बाकी ठिकाणी ते उपयोगाला येतं, या दुखण्यात नेमकं उलटं पडतं.

डॉक्टरांना नुसतं "डोकं दुखतं" सांगून भागत नाही. एका बाजूला दुखतं की दोन्ही, ठणकतं की आवळल्यासारखं होतं, किती तास राहतं (गोळी न घेता अर्धशिशी साधारण ४ ते ७२ तास चालते), जिना चढला की वाढतं का, उजेड-आवाज नकोसा होतो का, आधी डोळ्यांपुढे चमकत्या नागमोडी रेघा येतात का, हे सगळं सांगा. आणि डोक्याला बसलेले मार सांगा. आमची वन-टन गाडी एकदा उलटली होती. मी मिनिटभर बेशुद्ध होतो, उठलो, गाडी सरळ केली आणि पुढे निघालो. कुठे नोंद नाही की काही नाही. १९९९ ला कारगिलच्या लढाईत द्रासमध्ये १०५ मिलिमीटरच्या तोफेवर होतो, कानात कापसाचे बोळे आणि रात्रंदिवस फायरिंग. माझं दुखणं त्यातून आलं की आईकडून, हे डॉक्टर ठामपणे सांगत नाहीत. आईचा वारसा तर आहेच. पण मार लागल्यानंतरच्या डोकेदुखीकडे ते वेगळ्या नजरेने बघतात, म्हणून सांगायचं. छातीचा त्रास, बीपी, शुगर हेही सांगायचं, कारण अर्धशिशीच्या काही गोळ्या हृदयविकार असलेल्यांना चालत नाहीत.

काही डोकेदुख्या मात्र वहीत लिहीत बसण्याच्या नाहीत, थेट दवाखाना गाठण्याच्या आहेत. वीज पडावी तशी एका मिनिटात टोकाला गेलेली. सोबत बोलणं अडखळणं, तोंड वाकडं होणं, हातापायातला जोर जाणं, एका डोळ्याने दिसेनासं होणं. ताप आणि मान कडक. डोक्याला मार लागल्यावर वाढत जाणारी. आणि पन्नाशीनंतर आयुष्यात पहिल्यांदाच सुरू झालेली, विशेषतः कानशील दाबल्यावर दुखत असेल, घास चावताना जबडा दुखत असेल तर. यातलं काही असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि निघा.

वही आणि राउंड

तोफखान्यातल्यांना सांगायला नको, प्रत्येक तोफेचं हिस्टरी बुक असतं. किती राउंड मारले त्याची नोंद होते, कारण बॅरलचं आयुष्य त्यावर ठरतं. तोफेसाठी एवढं करणारे आपण, स्वतःच्या डोक्याची नोंद कधी ठेवली नाही.

मी नातवाची अर्धी कोरी वही घेतली. रोज रात्री सहा गोष्टी लिहायच्या. किती वाजता झोपलो-उठलो, जेवण किती वाजता, चहा किती, कामाची पाळी कोणती, डोकं दुखलं का आणि गोळी घेतली का. एका दिवसाला दोन ओळी. जास्त लिहायला गेलात तर आठ दिवसांत कंटाळाल. तीन महिने लिहिलं आणि पानं उलटून बघितली तेव्हा मलाच माझी लाज वाटली. एका दिवसात नऊ चहा होते. सकाळचं खाणं आठवड्यातले चार दिवस नव्हतंच. पाळी बदलायच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी डोकं हमखास दुखलेलं. आणि एका महिन्यात गोळ्यांचे दिवस अठरा.

ही अठरा बघून डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग समजावलं ते असं. साधी वेदनाशामक गोळी महिन्यातले पंधरा किंवा जास्त दिवस, किंवा दोन-तीन औषधं एकत्र असलेल्या गोळ्या आणि खास अर्धशिशीच्या गोळ्या दहा किंवा जास्त दिवस घेत राहिलं, आणि हे तीन महिन्यांहून जास्त चाललं, की गोळीच डोकेदुखी वाढवायला लागते. दुखतं म्हणून गोळी आणि गोळीमुळे पुन्हा दुखणं. मला त्यांनी त्या गोळ्या सोडायला लावल्या. पहिले दहा-बारा दिवस फार वाईट गेले. दोन दिवस तर मी भिंतीला डोकं टेकवून बसून काढले. पण तिसऱ्या आठवड्यात पहिल्यांदा सलग चार दिवस डोकं दुखलं नाही. हे मनाने करू नका. काही औषधं एकदम सोडायची नसतात, ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडायची. सोबत रोज रात्रीची एक प्रतिबंधक गोळी दिली होती. तिचा गुण यायला दोन महिने लागू शकतात, असं आधीच सांगितलं म्हणून मी टिकलो, नाहीतर आठव्या दिवशी बंद केली असती.

आता यातली मेख. गोळी कमी दिवस घ्यायची, पण घ्यायची त्या दिवशी लवकर घ्यायची. मी उलटं करायचो. दुपारपर्यंत दात आवळून सहन करायचं आणि अगदीच हद्द झाली की दोन एकदम. तोवर पोट बंद पडल्यासारखं झालेलं, गोळी उलटून पडायची. आता दुखणं हलकं असतानाच, पाण्याबरोबर, पोटात दोन घास असताना घेतो. आणि महिन्यात आठ दिवसांच्या पुढे जायचं नाही. भिंतीवरच्या कालनिर्णयावर गोळीच्या दिवशी लाल टिंब. आठ टिंबं महिन्याच्या वीस तारखेलाच झाली तर डॉक्टरांना फोन, नववी गोळी नाही.

झोप, म्हणजे खरी लढाई

अर्धशिशीच्या डोक्याला बदल सोसत नाही. कमी झोप सोसत नाही आणि जास्तही सोसत नाही. सुट्टीच्या दिवशी नऊपर्यंत लोळलं की अकराला ठणका सुरू, हे वहीतच दिसलं. म्हणून रोज रात्री दहा आणि सकाळी पाच, रविवार असो की यात्रा. फौजेत आपल्याला रोल कॉल होता, पहाटे सज्ज राहायचं स्टँड-टू होतं, कोणीतरी उठवायला होतं. घरी आलं की दोन-तीन वर्षांत सगळं विस्कटतं. फौजेतलं काही परत आणायचं असेल तर हे आणा.

पण आपल्यातले बरेच जण सिक्युरिटीच्या नोकरीत आहेत आणि तिथे पाळ्या आहेत. मी आधी ज्या कारखान्यात होतो तिथे हंगाम सुरू झाला की दर आठवड्याला पाळी बदलायची. रात्रपाळीत अडीच वाजता उसाचे ट्रॅक्टर रांगेत उभे, एकेकाचे हेडलाइट थेट डोळ्यांत, ट्रॉलीवर कर्णे लावलेले, आणि वारा फिरला की मळीचा वास. माझ्यासाठी याहून वाईट जागा शोधून सापडली नसती. तिथल्या साहेबांना सांगितलं तर म्हणाले, "फौजी माणूस आणि डोकं दुखतं म्हणतोय!" ती नोकरी सोडली. आताच्या कारखान्यात मी आल्या-आल्या डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली आणि एकच मागितलं, पाळी दर आठवड्याला बदलू नका. दोन तरुण पोरांना रात्रपाळीचा भत्ता हवाच होता. मला सकाळची पाळी कायम मिळाली.

सगळ्यांना हे जमणार नाही. रात्रपाळी चुकत नसेल तर निदान आठवड्याऐवजी महिनाभर एकच पाळी मागा. सकाळी घरी जाताना टोपी आणि गॉगल घाला, खिडकीला जाड चादर लावा, आणि झोपेची वेळ सुट्टीच्या दिवशीही फार हलवू नका. रात्रपाळीतही मध्यरात्री डबा खायचाच, नुसत्या चहावर पहाट काढायची नाही. दुपारची डुलकी अर्ध्या तासाच्या आत.

आणखी एक. रात्री तीनला दचकून जाग येणं, फटाक्याच्या आवाजाने छाती धडधडणं, तीच ती स्वप्नं. हे ज्यांना होतं त्यांना माहीत आहे मी काय म्हणतोय. अर्धशिशी आणि हे मनाचं दुखणं पुष्कळदा जोडीने राहतं, आणि एकाकडे दुर्लक्ष केलं तर दुसरं आटोक्यात येत नाही. मला द्रासनंतर बरीच वर्षं होतं. मनाच्या डॉक्टरांकडे जायला मी लाजलो, चार वेळा गेलो, फायदा झाला. यापेक्षा जास्त इथे लिहीत नाही.

पोट, चहा, पाणी आणि कोटा

रिकामं पोट हे माझं एक नंबरचं कारण निघालं. त्यात आपल्याकडे उपवास किती! चतुर्थी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र. मी चतुर्थी सोडायला तयार नव्हतो, कारण चंद्रोदयाला आईच्या हातचा मोदक आठवतो. मग तोडगा काढला. सकाळी सातला भगर आणि दही, अकराला केळी, दोनला भिजवलेले शेंगदाणे किंवा राजगिऱ्याचा लाडू, मध्ये ताक. उपवास राहतो आणि पोटही भरतं. कडक निर्जळी मात्र बंद केली. बाकीच्या दिवशी उठल्यापासून तासाभरात काहीतरी, मग दर चार तासांनी. भाकरी आणि पिठलं असलं तरी चालतं, वेळ चुकायला नको. कोणाला चीज, कोणाला चॉकलेट, कोणाला चायनीज बाधतं म्हणतात. वहीत दोन-तीनदा तेच दिसलं तर सोडा. ऐकीव यादीवरून सगळंच सोडू नका, तोंडाची चव जाईल आणि डोकं तसंच राहील.

चहा नऊवरून दोनवर आणला, पण एकदम नाही. एकदम सोडला की त्यानेच डोकं धरतं. दर चार-पाच दिवसांनी एक कप कमी. आता सकाळी सहाला एक आणि दुपारी तीनला एक, वेळ ठरलेली. तीननंतर चहा नाही, झोप जाते.

पाण्याचं म्हणाल तर राजस्थानात फायरिंग रेंजवर असताना पाण्याची बाटली अंगावरून काढायची नाही असा हुकूम असायचा. इथे माणदेशाच्या उन्हात शेतात जाताना मी बाटली विसरायचो. आता सायकलला बांधूनच ठेवली आहे.

आता कोटा, म्हणजे फौजी कँटीनमधून मिळणारी दारू. रम मी सोडली, कारण वहीत पाच पैकी चार वेळा दुसऱ्या दिवशी ठणका होता. तुमचं वेगळं असेल. पण प्यायलेल्या अंगात गोळी घेऊ नका, आणि झोप येते म्हणून पिऊ नका. ती झोप पहाटे मोडते.

पळायला लागण्याआधी

डॉक्टर म्हणाले व्यायाम करा. मी म्हटलं, हे तर आपलं काम. दुसऱ्या दिवशी जुने पीटी शूज काढले आणि बीपीईटीच्या, म्हणजे फौजेतल्या पळण्याच्या परीक्षेच्या थाटात पाच किलोमीटर पळत सुटलो, तेही सकाळी साडेनऊच्या उन्हात, पोटात काही नसताना. गावच्या ओढ्यापाशी डाव्या डोळ्यामागे हातोडा पडायला लागला आणि एका पोराच्या मोटारसायकलवर बसून घरी आलो. पोरं अजून हसतात.

अचानक जोर लावला की या डोक्याला सोसत नाही. उंचीवर जाताना आपण काय करायचो आठवा. पहिले दोन दिवस नुसता आराम, मग सपाटीवर सावकाश चालणं, मग थोडा चढ. तसंच करायचं. मी पंधरा मिनिटं चालण्यापासून सुरुवात केली, दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवली. आता आठवड्यातले पाच दिवस चाळीस मिनिटं भरभर चालतो, उजाडताना, दोन घास खाऊन. आधी पाच मिनिटं मान आणि खांदे मोकळे करतो. हेल्मेट, पाठीवरचा पिट्टू आणि ओझी यांनी आपल्या माना दगड झालेल्या असतात. गुडघे गेले असतील तर सायकल. चालताना बोलता यावं, गाता येऊ नये, एवढाच वेग.

उजेड, आवाज, वास

गणपती-दिवाळीला गाव सोडून जाता येत नाही. मिरवणुकीत मी गणपतीला घराच्या दारातून नमस्कार करतो. डीजे आणि ती लेझर लाइट यांच्यापुढे चालत नाही. कोणी काय म्हणायचं ते म्हणो. कानात स्पंजचे प्लग असतात ते मेडिकलमध्ये मिळतात, कापसापेक्षा कितीतरी चांगले. पण दिवसभर घालून बसू नका, आणि घरात काळा गॉगल लावून फिरू नका. डोळे अंधाराला आणि कान शांततेला सरावले की साधा उजेड-आवाजही टोचायला लागतो. उन्हात टोपी-गॉगल, घरात साधा उजेड. लुकलुकणारी ट्यूब त्याच दिवशी बदला.

वासाचं प्रत्येकाचं वेगळं. मला मळी आणि उदबत्ती. मंडळीने देवघरात उदबत्तीऐवजी नुसतं निरांजन सुरू केलं, मला न सांगताच. मला महिनाभराने लक्षात आलं.

झटका आल्यावर

बहुतेकांना आधी इशारा मिळतो, कधी काही तास, कधी आदला दिवस. मला सारख्या जांभया येतात, मान धरते आणि मी घरच्यांवर उगाच खेकसतो. नात म्हणते, "आजोबा, आज तुमचं डोकं दुखणार." ती बरोबर निघते. इशारा ओळखला की त्या दिवशी जेवण-पाणी-झोप यात खाडा करायचा नाही, आणि उन्हातलं काम दुसऱ्यावर सोपवायचं.

ठणका सुरू झाला की गोळी लगेच, मग अंधारी शांत खोली, कपाळावर ओलं थंड फडकं. माझ्या आईची निम्मी पद्धत बरोबर होती, एवढं कबूल करतो. बाम सगळ्यांना चालत नाही, त्या वासाने मला उलटी होते. मोटारसायकल चालवायची नाही, डोळ्यांपुढे रेघा असतील तर मुळीच नाही. घरच्यांना आधीच सांगून ठेवा की विचारपूस करायला दर दहा मिनिटांनी यायचं नाही, फक्त दार लावून घ्यायचं. बोलणं जड झालं किंवा हात लुळा पडला तर मात्र झोपू न देता दवाखान्यात न्यायचं, हेही त्यांनाच सांगून ठेवा, कारण तेव्हा तुम्हाला सांगता येणार नाही.

दवाखान्यात जाताना

वही न्या. गोळ्यांची रिकामी पाकिटंही न्या, नावं तोंडपाठ सांगायला जाऊ नका. फौजेतून निघतानाचे मेडिकलचे कागद असतील तर तेही. आणि बायकोला बरोबर न्या. मी पहिल्या तीन वेळा एकटा गेलो होतो. चौथ्या वेळी डॉक्टरांनी विचारलं, "घोरता का? सकाळी उठल्याबरोबर डोकं जड असतं का?" घोरताना मध्येच श्वास अडकत असेल तर झोप पुरी होत नाही आणि सकाळचं डोकं त्याने दुखतं, म्हणून विचारतात. मी छाती काढून म्हणालो, "नाही साहेब, कधीच नाही." शेजारी बसलेल्या मंडळीने काही न बोलता मोबाइल काढला आणि रेकॉर्डिंग लावलं. बाहेर बाकावर बसलेले तिघं-चौघं माजी सैनिक दारातून आत डोकवायला लागले. माझी झोपेची तपासणी पुढच्या महिन्यात आहे, पुण्याला.